गोलूचं वजन माझ्यामुळे वाढलं का?

पत्र असं आहे:

"मॅडम, नमस्कार. मी नागपूरला, मानेवाड्याला राहते, वय ३२. दुसऱ्यांदा दिवस गेलेत, सतरावा आठवडा चालू आहे. उंची १५७ सेंटीमीटर. दिवस राहण्याआधी वजन ७१ किलो होतं, आता साडेत्र्याहत्तर आहे. मोठा मुलगा सहा वर्षांचा. त्याच्या वेळी मी ६० वरून ७९ वर गेले होते. तो ३ किलो ६०० ग्रॅमचा झाला, तेव्हा सगळे म्हणाले, काय बाळसेदार पोरगा आहे! आता त्याचं वजन २९ किलो आहे, उंची ११८. घरीदारी सगळे त्याला गोलूच म्हणतात. परवा शाळेतून रडत आला, 'मला पकडापकडीत कोणी घेत नाही' म्हणून.

मागच्या तपासणीला डॉक्टर म्हणाले, 'तुमचं वजन असंच राहिलं तर हे बाळही पहिल्यासारखंच होईल.' सासूबाई सोबत होत्या, त्यांच्यासमोरच म्हणाले. त्या दिवसापासून झोप नाही. मी रात्रीचं जेवण बंद केलंय, गुरुवार आणि चतुर्थी धरते. सासूबाई ओरडतात, 'दोन जिवाची आहेस, दोघांचं खा नं वो बाई, उपास काहून करतं?' आम्ही शाकाहारी आहोत. पहिल्या वेळी शुगर नॉर्मल होती म्हणून या वेळी अजून तपासली नाही. मॅडम, गोलूचं वजन माझ्यामुळे वाढलं का? आणि या बाळासाठी तरी मी काही करू शकते का?"

सगळ्यात आधी, आज रात्री जेवा. बाकीचं उत्तर जेवण झाल्यावर वाचलं तरी चालेल. गरोदरपणात शरीर उपाशी राहिलं की ते साध्या दिवसांपेक्षा लवकर चरबी जाळायला लागतं आणि त्यातून तयार होणारे कीटोन नावाचे पदार्थ रक्तात वाढतात. ते ना तुमच्या कामाचे, ना बाळाच्या. गुरुवार-चतुर्थीही बाळंतपण होऊन अंगावरचं दूध सुटेपर्यंत बाजूला ठेवा. उपासाच्या दिवशी आपल्याकडे होतं काय, तर सकाळी चहा, दुपारी ताटभर साबुदाण्याची उसळ आणि बटाट्याचा चिवडा. म्हणजे डाळ नाही, भाजी नाही, आणि साखर झपकन चढवणारा पिठूळ पदार्थ पोटभर. वजन कमी करायला धरलेला उपास असा उलटाच जातो.

आता तुमचा पहिला प्रश्न. तुमच्या वजनाचा आणि गोलूच्या वजनाचा संबंध आहे का? थोडा आहे. तुमच्यामुळे झालं का? असं मी म्हणणार नाही, आणि तुम्हालाही म्हणू देणार नाही. दोन्ही उत्तरांमागे कारणं आहेत, ती नीट सांगते.

आईच्या रक्तातली साखर वारेतून बाळाकडे जाते. आईचं इन्सुलिन मात्र वार ओलांडत नाही. आईची साखर वाढली की बाळापर्यंतही जास्त साखर पोचते आणि ती आवरायला बाळाच्या इवल्याशा स्वादुपिंडाला स्वतःचं इन्सुलिन जास्त करावं लागतं. इन्सुलिन हे साठवणीचं संप्रेरक आहे, त्यामुळे बाळाच्या अंगावर चरबी साठते. पेडरसन नावाच्या डॅनिश डॉक्टरांनी हे १९५०च्या दशकात मांडलं आणि आजही ते टिकून आहे. पुढे ९ देशांतल्या सुमारे २५ हजार गरोदर स्त्रियांचा मोठा अभ्यास झाला, तो २००८ साली प्रसिद्ध झाला. त्यात दिसलं की अमुक आकड्याच्या आत सगळं ठीक आणि त्यापुढे सगळं वाईट, अशी रेघ निसर्गात नाही. नॉर्मलच्या आतली साखरसुद्धा जसजशी वर, तसतसं बाळाचं वजन आणि चरबी वर. तीच मुलं १० ते १४ वर्षांची झाल्यावर पुन्हा तपासली, तेव्हाही हा माग काही प्रमाणात दिसत होता. तुमची पहिल्या वेळची शुगर 'नॉर्मल' होती, यावर म्हणूनच फार विसंबू नका.

वजनाचंही तसंच. २०१९ साली युरोप, उत्तर अमेरिका आणि ऑस्ट्रेलियातले ३७ अभ्यास एकत्र करून १ लाख ६२ हजारांवर मायलेकरांची माहिती तपासली गेली. आईचं वजन जास्त असेल तर मुलाचं वजन जास्त होण्याची शक्यता वाढते, हे त्यात स्पष्ट दिसलं. त्यातलीच दुसरी गोष्ट मला जास्त महत्त्वाची वाटते. नऊ महिन्यांत किती किलो वाढलं, त्यापेक्षा दिवस राहण्याआधी वजन किती होतं, याचा संबंध जास्त घट्ट होता.

पण संबंध दिसला म्हणजे कारण सापडलं असं होत नाही. जी आई बाळाला नऊ महिने पोटात वाढवते, तिचेच जनुक बाळात असतात, तिच्याच स्वयंपाकघरात ते सहा वर्षं जेवतं, त्याच सोसायटीत राहतं जिथे खेळायला अंगण नाही. हे वेगळं काढायचं कसं? संशोधकांनी एक युक्ती केली. एकाच आईची दोन मुलं घ्यायची, एका वेळी तिचं वजन जास्त वाढलं आणि दुसऱ्या वेळी कमी, आणि त्या भावंडांची तुलना करायची. अमेरिकेतल्या अर्कान्सास राज्यात ४० हजारांवर मातांच्या मुलांची अशी तुलना झाली, ती २०१३ साली छापली गेली. फरक निघाला, पण छोटा. म्हणजे पोटातले नऊ महिने मोजले जातात, पण एकट्या त्या नऊ महिन्यांवर सगळं ढकलता येत नाही. वडिलांच्या वजनाचाही मुलाच्या वजनाशी संबंध दिसतो. तपासणीच्या खोलीत त्यांना मात्र कोणी काट्यावर उभं करत नाही. तुमच्या डॉक्टरांना काळजी असणार, त्यात शंका नाही. पण सासूसमोर एका वाक्यात हा सगळा भार तुमच्या एकटीच्या डोक्यावर ठेवणं मला पटलेलं नाही.

आपल्याकडचं चित्र आणखी थोडं वेगळं आहे. पुण्याच्या केईएम हॉस्पिटलचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९३ पासून पुण्याजवळच्या सहा गावांतल्या आया आणि त्यांची मुलं यांचा पाठपुरावा केला. तिथली बाळं सरासरी २ किलो ७०० ग्रॅमची, इंग्लंडमधली साडेतीन किलोची. आपली बाळं वजनाने एवढी लहान, तरी त्यांच्या अंगावरची चरबी त्या मानाने कमी नव्हती. कमी होते ते स्नायू. दिसायला बारीक पण आतून चरबीचं, असं हे बाळ. हे मी का सांगते आहे? कारण तुम्ही घाबरून उपाशी राहायला लागलात, आणि उपाशी आईचं बाळसुद्धा पुढे सुरक्षित नसतं. नेदरलँडमध्ये १९४४-४५च्या हिवाळ्यात दुष्काळ पडला, तेव्हा ज्या आयांचे सुरुवातीचे महिने उपासमारीत गेले, त्यांच्या मुलग्यांमध्ये तरुणपणी लठ्ठपणा जास्त आढळला. बाळाला कमी मिळालं तरी शरीर साठवायला शिकतं.

याच पुण्याच्या अभ्यासात आणखी दोन गोष्टी दिसल्या. ज्या आया हिरव्या पालेभाज्या, दूध, फळं जास्त वेळा खात होत्या, त्यांची बाळं जन्मतः चांगली वाढलेली होती. आणि ज्या आयांचं बी-१२ जीवनसत्त्व कमी पण फोलेट (फॉलिक ॲसिडच्या गोळीतून मिळतं ते जीवनसत्त्व) जास्त होतं, त्यांची मुलं सहा वर्षांची झाल्यावर त्यांच्यात इन्सुलिन नीट काम करत नसल्याची लक्षणं सगळ्यात जास्त होती. तुम्ही शाकाहारी आहात, म्हणून बी-१२ तपासून घ्या आणि कमी असेल तर डॉक्टरांकडून गोळी लिहून घ्या. हे वाचून फॉलिक ॲसिड मात्र बंद करू नका. ते बाळाच्या वाढीसाठी आणि तुमच्या रक्तासाठी लागतंच.

आता तुमचे आकडे. दिवस राहण्याआधीचा तुमचा बीएमआय, म्हणजे उंचीच्या मानाने वजन मोजायचा आकडा, २८.८ होतो. अमेरिकेतल्या २००९च्या शिफारशींप्रमाणे, ज्या जगभर वापरल्या जातात, तुमच्या गटातल्या आईने पूर्ण नऊ महिन्यांत ७ ते ११.५ किलो वाढवावेत. बारीक आईसाठी १२.५ ते १८, मध्यम आईसाठी ११.५ ते १६, आणि ३०च्या वर बीएमआय असेल तर ५ ते ९. भारतीय शरीरात कमी वजनातही चरबी जास्त असते, म्हणून आपल्याकडे २३ पासूनच जास्त वजन आणि २५ पासून लठ्ठपणा धरतात. त्या हिशेबाने तुम्ही खालच्या आकड्याकडे राहिलात तर उत्तम. तुमचं आतापर्यंत वाढलंय अडीच किलो. सतराव्या आठवड्याला हे अगदी योग्य आहे! रात्रीचं जेवण बंद करण्यासारखं इथे काहीच घडलेलं नव्हतं. इथून पुढे आठवड्याला पाव किलोच्या थोडं वर, एवढीच चाल ठेवायची. दर सोमवारी सकाळी, एकाच काट्यावर, एकाच प्रकारच्या कपड्यांत वजन करा आणि माता-बाल संरक्षण कार्डावर लिहून ठेवा. रोज काट्यावर चढू नका. पाणी, ताक, बद्धकोष्ठ, सगळ्याने आकडा हलतो आणि जीव उगाच टांगणीला लागतो.

वजन उतरवायचं नाही, हे पुन्हा एकदा. ते बाळंतपणानंतर.

शुगर मात्र याच आठवड्यात तपासा. ही तपासणी पहिल्याच भेटीत व्हायला हवी होती. ७५ ग्रॅम ग्लुकोज पाण्यातून प्यायचं, उपाशीपोटीच जावं लागतं असं नाही, आणि दोन तासांनी रक्त द्यायचं. १४० किंवा त्यावर आलं तर गरोदरपणातला मधुमेह धरतात. १४०च्या आत आलं तरी २४ ते २८ आठवड्यांत पुन्हा करायची. गरोदरपणातला मधुमेह निघालाच तर बाळंतपणानंतर सहा आठवड्यांनी आणखी एकदा. सरकारी दवाखान्यांत ही तपासणी मिळते. दर महिन्याच्या ९ तारखेला प्रधानमंत्री सुरक्षित मातृत्व अभियानात गरोदर बायकांची मोफत तपासणी होते, हे तुमच्या ओळखीतल्या इतर जणींनाही सांगा. या सबंध पत्रातली एकच गोष्ट करायची असेल, तर ही करा. साखर आटोक्यात ठेवणं हे या घडीला बाळासाठी तुमच्या हातातलं सगळ्यात ठोस काम आहे.

मी तुमच्यापासून एक गोष्ट लपवत नाही. गरोदर स्त्रियांना आहार-व्यायामाचं मार्गदर्शन देऊन त्यांची मुलं पुढे बारीक राहतात का, हे ऑस्ट्रेलियात दोन हजारांवर स्त्रियांवर पाहिलं गेलं. मुलं तीन ते पाच वर्षांची झाल्यावर त्यांच्या वजनात फरक दिसला नाही. मग हे सगळं करायचं कशाला? कारण कमी वजन वाढलं तर तुमचा रक्तदाब, सिझेरियनची शक्यता, बाळंतपणानंतर अंगावर राहून जाणारे किलो, हे सगळं कमी होतं. आणि त्या अभ्यासांतून मी एवढं शिकले की बाळाच्या पुढच्या वजनाचा निकाल सातव्या-आठव्या महिन्यात लागत नाही. तो घरच्या ताटावर हळूहळू लागत जातो, तेव्हा नऊ महिन्यांत हातून काही निसटलं तरी दार बंद होत नाही.

ताटाकडे येऊ. सासूबाईंचं 'दोघांचं खा' हे त्यांच्या काळात खरं होतं. पोटभर मिळत नव्हतं, बायका शेवटी उरलेलं खायच्या, तेव्हा कोणीतरी 'खा' म्हणणं ही माया होती, आजही आहे. हिशेब मात्र वेगळा निघतो. पहिल्या तीन महिन्यांत जवळपास काहीच जास्त लागत नाही. त्यानंतर दिवसाला साधारण ३५० कॅलरी जास्त. ज्वारीची एक भाकर, वाटीभर वरण आणि पेलाभर दूध, झालं. दुसऱ्या जिवाचं जेवण एवढंच. डिंकाचे दोन मोठे लाडू खाल्ले तरी तेवढ्याच कॅलरी येतात, पण त्यात डाळ नसते आणि भाजी नसते. सासूबाईंना हे असंच सांगा, वाद घालू नका. लाडू आवडतात तर दिवसाआड एक, छोटा.

हे दिवस उन्हाळ्याचे आहेत आणि नागपूरचा उन्हाळा म्हणजे पेयांचा मोसम. उसाचा रस, बाटलीतलं थंड पेय, पाहुण्यांसोबत येणारं सरबत, आणि रविवारी आमरस. वजन नकळत वाढतं ते इथे. तहानेला पाणी, बिनसाखरेचं ताक, मठ्ठा. पन्हं करा, गूळ अर्धा टाका. आंबा खा, पण फोडी करून, जेवणाच्या ताटात, अर्धा. रसाची वाटी पुन्हा पुन्हा भरली जाते आणि सोबत कुरडया, पापड, तुपाची पोळी असते. संत्रंही तसंच, फळ खायचं, रस नाही. सकाळच्या तर्री-पोह्यांचं म्हणाल तर आठवड्यातून एकदा, तर्री बेताची आणि वर मूठभर मोड आलेली मटकी. एरवी सांबार, म्हणजे कोथिंबीर, घातलेलं धिरडं, मुगाचं किंवा बेसनाचं. दोन्ही वेळच्या जेवणात आधी भाजी आणि वरण, मग भाकर, भात शेवटी आणि थोडा. चिवळीची भाजी सध्या बाजारात आहे, ती घ्या.

चालणं पहाटे साडेपाच-सहाला, अर्धा तास, आठवड्यातून पाच दिवस. डॉक्टरांनी आराम सांगितला नसेल तर. बोलता येईल पण गाणं म्हणता येणार नाही, एवढ्या वेगाने. सोबत मिस्टरांनी यावं. नवतपा, म्हणजे मेअखेरचे ते नऊ कडक उन्हाचे दिवस, लागला की बाहेर जाऊच नका, घरातल्या घरात फेऱ्या मारा, गॅलरीपासून मागच्या खोलीपर्यंत.

बाळ आल्यावर पहिली परीक्षा बाळसं या शब्दाची असेल. आपल्याकडे बाळाची तब्येत गालांवरून मोजतात. बाळ मध्यम वजनाचं असलं की आठ दिवसांत कोणीतरी म्हणतंच, 'दूध पुरत नाही वाटते, वरचं सुरू करा.' पहिले सहा महिने फक्त अंगावरचं दूध, पाणीही नाही. वजन जास्त असलेल्या बाळंतिणीला दूध उतरायला कधीकधी एखाद-दोन दिवस उशीर होतो. हे तुम्हाला आधीच माहीत असलं की घाबरून बाटली हातात घेणार नाही. पहिल्या तासात बाळ छातीशी, मग दर दोन-तीन तासांनी, आणि नर्सबाईंची मदत मागायला लाजायचं नाही. पहिल्या वर्षात बाळाचं वजन फार वेगाने वाढणं हासुद्धा पुढच्या लठ्ठपणाशी जोडलेला धागा आहे. बालरोगतज्ज्ञांच्या तक्त्यावर बाळ आपल्या रेषेवर चालत असेल तर गाल कसेही असोत, बाळ छान आहे. आणि तुमचं वजन? सव्वा महिना होऊ द्या. मग सावकाश, दूध पाजत असतानाच, महिन्याला एक-दीड किलो. तिसरं मूल हवं असो नसो, हे तुमच्या स्वतःच्या साखरेसाठी.

राहिला तुमचा मोठा. खरं तर तुमच्या पत्रात मला सगळ्यात जास्त तोच दिसत राहिला, पकडापकडीच्या बाहेर उभा असलेला. उंचीच्या मानाने त्याचं वजन नक्की जास्त आहे, त्याला बालरोगतज्ज्ञांना दाखवा, रक्तदाब मोजून घ्या. डाएट लावू नका. सहा वर्षांच्या मुलाचं वजन उतरवायचं नसतं, ते आहे तिथे थांबवायचं, वर्षाला पाच-सहा सेंटीमीटर उंची वाढत जाते आणि हिशेब आपोआप जुळत येतो. जेवताना मोबाइल-टीव्ही बंद, घरात बिस्किटांचा पुडा आणि थंड पेयाची बाटली येणारच नाही, रात्री नऊ-दहा तास झोप, रोज तासभर धावपळ. आणि हे एकट्या त्याच्यासाठी नाही. तो वरण-भाकर खाणार आणि बाबा समोसा, असं चालणार नाही. बिस्किटाचा पुडा बहुधा आजीच्या पदरातून येतो, म्हणून आजीलाच काम सोपवा, शाळेतून आल्यावर त्याला ताक आणि फुटाणे त्यांनीच द्यायचे. त्यांच्या हातचं तो खाईल.

आणि त्याला गोलू म्हणणं आजपासून बंद. घरातल्या सगळ्यांनी, मामा-मावशींनीही. त्याला नाव आहे, त्याच नावाने हाक मारा. येत्या बुधवारी त्याला सक्करदऱ्याच्या बुधवार बाजारात सोबत न्या, पिशवी त्याच्या हाती द्या आणि सांगा, आपल्याकडे बाळ येणार आहे, आईला रोज भाजी लागते, या आठवड्याची भाजी तू निवडायची.

शुगरचा रिपोर्ट आला की मला कळवा.